दोन्ही नाणी खरीच आहेत

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं. तुमचे आजोबा बोटीवर होते आणि अँटवर्प बंदरात त्यांचं जाणंयेणं असे. त्यांच्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात बेल्जियमची मूठभर चिल्लर सापडली. त्यात ५० सेंटिमची (फ्रँक या तिथल्या युरोपूर्वीच्या चलनाचे शंभर सेंटिम) दोन नाणी आहेत, दोन्ही १९७० सालची. दोन्हींवर खाणकामगाराचं तेच डोकं आणि तोच मुकुट आहे, देशाचं नाव मात्र वेगळं लिहिलेलं आहे. गावातल्या एका नाणीवाल्यानं त्यातलं एक ‘डुप्लिकेट’ आहे असं ठोकून दिलं. आता तुम्हाला हवं आहे ते असं: खोटं कुठलं, महाग कुठलं, आणि चिंच लावून घासलं तर चालेल का?

खोटं कुठलंच नाही. महागही कुठलंच नाही. आणि घासू तर अजिबात नका, त्याकडे शेवटी येते.

खऱ्या-खोट्याचा घोळ बाजूला ठेवला की मागे जो प्रश्न उरतो तो मला जास्त मोलाचा वाटतो. एकाच सरकारनं, एकाच वर्षी, एकाच किमतीचं, एकाच चित्राचं नाणं दोन तऱ्हांनी का पाडावं? पाच रुपयांचं नाणं आपण हातात घेतो तेव्हा त्यावर ‘भारत’ आणि इंग्रजीतलं ‘इंडिया’ शेजारी शेजारी असतं, आणि त्यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. बेल्जियमला तेवढं का जमलं नाही? खरं तर जमलं होतं, एकदा नव्हे दोनदा, आणि दोन्ही वेळा त्यांनी ते सोडून दिलं. का सोडलं, ते समजलं की तुमच्या डब्याचा उलगडा होतो.

आधी एक कबुली देते. बत्तीस वर्षं मी परदेशी चिल्लर निवडते आहे. डाळ निवडावी तशी, ताटात पसरून, दिव्याखाली. सुरुवातीची काही वर्षं माझ्याकडे आलेली बेल्जियमची नाणी मी ‘जास्तीची’ समजून अदलाबदलीत देऊन टाकत असे. चित्र तेच, साल तेच, मग दोन ठेवून करायचंय काय? पुढे एका वयस्क संग्राहकांनी माझी वही चाळली आणि म्हणाले, ‘बाई, तुमचा बेल्जियम अर्धाच आहे.’ मी वर्षानुवर्षं चित्र पाहत होते, अक्षरं वाचतच नव्हते. तेव्हा तुमच्या गावातल्या नाणीवाल्याला मी हसणार नाही. त्याचीही तीच चूक झाली आहे, फक्त त्यानं ती जरा ठासून केली.

आता अक्षरांकडे या. देश लहान आहे, पण उत्तरेचा फ्लँडर्स डच बोलतो, दक्षिणेचा वालोनिया फ्रेंच बोलतो, राजधानी ब्रसेल्स कागदोपत्री दोन्ही भाषांची आहे आणि पूर्वेच्या टोकाला थोडी जर्मनभाषक गावं आहेत. फ्रेंचमध्ये देशाचं नाव ‘बेल्जिक’, डचमध्ये ‘बेल्गिए’. नाण्यावर रोमन लिपीत फ्रेंच नाव आठ अक्षरांचं आहे आणि डच नाव सहा अक्षरांचं. मोजायचा कंटाळा आला तर ‘क्यू’ शोधा. क्यू दिसला की फ्रेंच, नाही दिसला की डच. राजाचं बिरुद असेल तर फ्रेंचमधला राजा तीन अक्षरांत आटोपतो आणि ‘आर’नं सुरू होतो. डचमधला राजा सहा अक्षरांचा, ‘के’नं सुरू होणारा. एवढं पाठ असलं की भिंगाशिवायही मूठभर चिल्लर पाच मिनिटांत दोन ढिगांत लावता येते.

तुमची खाणकामगाराची जोडी घ्या. हे नाणं १९५२ पासून थेट फ्रँक संपेपर्यंत चाललं. ब्राँझचं, जेमतेम १९ मिलिमीटरचं. चित्र मार्सेल राऊ यांचं. शिरस्त्राण घातलेलं डोकं, शेजारी खाणीतला कंदील. मागच्या बाजूला मुकुट, आकडा ५० आणि त्याच्यापुढे नुसता ‘सी’. या ‘सी’कडे नीट बघा. फ्रेंचमध्ये ‘सेंटिम’ आणि डचमध्ये ‘सेंटीम’ यांचं स्पेलिंग वेगळं आहे, पण आद्याक्षर एकच. पूर्ण शब्द लिहिला असता तर ही बाजूही दोन भाषांत करावी लागली असती. एका अक्षरावर भागवल्यामुळे मागची बाजू दोन्ही नाण्यांना सारखीच चालते आणि सगळा फरक उरतो तो देशाच्या नावापुरता. १ फ्रँक आणि ५ फ्रँकच्या नाण्यांवर ‘एफ’नं हेच काम केलं आहे. डच लोक फ्रँकच्या शेवटी ‘के’ लिहितात, फ्रेंच ‘सी’. ‘एफ’वर थांबलं की वाद नाही.

पण इथवर येईपर्यंत शंभरावर वर्षं गेली होती.

१८१५ ते १८३० हा प्रदेश हॉलंडच्या राजाच्या ताब्यात होता. पहिल्या विल्यमनं उत्तरेकडच्या प्रांतांत डच भाषा रेटली, त्याचा राग होता, आणि तो फक्त दक्षिणेत नव्हता. घेंट, अँटवर्प या फ्लेमिश शहरांतला पैसेवाला, शिकलेला वर्गही घरात फ्रेंचच बोलायचा. ऑगस्ट १८३० मध्ये ब्रसेल्सच्या ऑपेरा थिएटरातून ठिणगी पडली आणि देश सुटा झाला. (त्या थिएटरचं नावच ‘टांकसाळ’ आहे, कारण त्या जागी पूर्वी टांकसाळ होती. नाण्यांच्या माणसाला अशा गोष्टी सोडवत नाहीत.) नव्या देशात भाषेचं स्वातंत्र्य घटनेनं दिलं, पण कारभार फ्रेंचमध्ये चालला. म्हणून १८३२ नंतरची पहिली चिल्लर पाहाल तर निव्वळ फ्रेंच आहे. तांब्याच्या १ आणि २ सेंटिमवर एका बाजूला मुकुटाखाली पहिल्या लिओपोल्डचं आद्याक्षर, दुसऱ्या बाजूला सिंह आणि त्याच्या पंजाखाली राज्यघटनेची पाटी. पाटीवरचे शब्दही फ्रेंच, आणि भोवती देशाचं ब्रीदवाक्य, तेही फ्रेंच. त्या वाक्याचा आपल्याकडचा अर्थ ‘एकी हेच बळ’.

आता ही नाणी कुणाच्या हातात होती याचा विचार करा. चांदीचा पाच फ्रँकचा तुकडा साहेबाच्या खिशात जायचा. तांब्याचा सेंटिम पावाच्या दुकानात, विणकराच्या मजुरीत, चर्चच्या दानपेटीत फिरायचा. फ्लँडर्समधल्या ज्या माणसाला फ्रेंचचा गंध नव्हता, त्याच्या हातात रोज येणारा सरकारी मजकूर म्हणजे हीच चिल्लर. कायदे तो वाचत नव्हता, गॅझेट वाचत नव्हता, नाणं मात्र चाचपत होता. म्हणूनच भाषेचा वाद चिल्लरीपर्यंत येणं अटळ होतं असं मला वाटतं.

तो आला टप्प्याटप्प्यानं. १८७३ मध्ये फ्लँडर्सच्या फौजदारी न्यायालयांत डचला जागा मिळाली, १८७८ मध्ये कारभारात, १८८३ मध्ये माध्यमिक शाळांत. त्यापाठोपाठ १८८६ मध्ये दुसऱ्या लिओपोल्डची ५० सेंटिम आणि १ फ्रँकची चांदीची नाणी डच मजकुरासह पाडली गेली. आणि ती वेगळी पाडली गेली. फ्रेंच मजकूर तसाच ठेवून, डच मजकुराचं जुळं भावंड शेजारी आलं. पुढच्या दीड दशकात तांब्याच्या आणि पांढऱ्या चिल्लरीनंही हाच कित्ता गिरवला. त्या मानानं कायदा मागे होता. कायद्याचा डच मसुदा फ्रेंचइतकाच अधिकृत मानणारा समानतेचा कायदा १८९८ चा. आणि खुद्द राज्यघटनेला अधिकृत डच संहिता मिळाली १९६७ मध्ये. म्हणजे नाण्यावर डच उमटल्यानंतर ८१ वर्षांनी. भाषेचा मान आधी चिल्लरीत मिळाला आणि मग घटनेत, ही उलटी गंगा मला अजूनही गमतीची वाटते.

टपाल खात्यानं मात्र वेगळी वाट धरली. १८९३ पासून बेल्जियमच्या तिकिटांवर दोन्ही भाषा एकत्र आल्या. तिकिटाच्या खाली ‘रविवारी पोचवू नये’ असं सांगणारी एक फाडता येणारी पट्टी असायची, तीसुद्धा दोन भाषांत. कागदावर जागा असते. आपली नोट बघा, मागच्या पट्टीवर पंधरा भाषा बसल्या आहेत, मराठीही त्यात आहे. धातूवर ती चैन नाही.

जागेचा मुद्दा खरा वाटावा असं एक नाणं तुमच्या डब्यात आहे, ते भोकाचं १० सेंटिम. १९०१ मध्ये बेल्जियमनं ५ आणि १० सेंटिमची तांबं-निकेलची नाणी मध्ये भोक पाडून काढायला सुरुवात केली, १९०८ मध्ये २५ सेंटिम आलं. पांढरा धातू चांदीशी गल्लत करू शकतो. भोक असलं की अंधारातही बोटाला कळतं. आपल्याकडे १९४३ ते १९४७ मध्ये भोकाचा पैसा निघाला, तो तुमच्या आजीनं नक्की हाताळला असेल. तर अशा नाण्यावर भोकाभोवतीचं कडं तेवढं उरतं. त्यात राजाचं आद्याक्षर, मुकुट, फांदी, आकडा, साल. दोन देशनावं आणखी कुठे कोंबायची? म्हणून वेगळी नाणी, असं उत्तर बहुतेक लोक देतात. मीही बरीच वर्षं देत होते.

पण ते पुरेसं नाही, आणि ते पुरेसं नाही हे सांगणारा पुरावाही नाण्यांतच आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी देश व्यापला. तांबं-निकेल तोफगोळ्यांच्या कामी लागलं आणि १९१५ पासून ५, १० आणि २५ सेंटिमची चिल्लर जस्तात पाडली गेली. त्यावर राजा नाही, सिंह आहे, आणि देशाचं नाव दोन्ही भाषांत, एकाच नाण्यावर. आकार जवळपास तोच. म्हणजे मावत होतं! युद्ध संपलं, आपलं सरकार परत आलं, आणि त्यांनी पहिल्यासारखी जुळी नाणी पाडायला घेतली. १९२२ ची निकेलची नाणी तर मजेशीर आहेत. त्यांवर सरळ ‘अमुक फ्रँकसाठी ग्राह्य’ असं लिहिलेलं आहे, हुंडीसारखं. ते वाक्यही फ्रेंचच्या नाण्यावर फ्रेंच, डचच्या नाण्यावर डच.

मग खरी अडचण कुठली? माझ्या मते अडचण जागेची कमी आणि पहिल्या जागेची जास्त. दोन नावं एका नाण्यावर लिहायची तर एक आधी येणार, एक नंतर. एक वर, एक खाली. लग्नपत्रिकेवर कुणाचं नाव आधी यावं यावरून आपल्याकडे घरं धुमसतात, हा तर अख्खा देश. आणि हे मी कल्पनेनं म्हणत नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सरकारनं पुन्हा एकदा दोन्ही नावं एका नाण्यावर आणायचं ठरवलं. १९२१ आणि १९३२ च्या भाषाकायद्यांनी वातावरण तापलेलंच होतं. १९३८ पासूनची ५, १० आणि २५ सेंटिमची नाणी काढून बघा. अर्ध्यांवर ‘बेल्जिक-बेल्गिए’ आणि अर्ध्यांवर ‘बेल्गिए-बेल्जिक’. दोन नावं एकत्र केली, आणि क्रमाच्या भांडणातून सुटायला शेवटी पुन्हा दोन तऱ्हेची नाणी पाडावी लागली! दोन साचे टाळायला निघाले आणि दोन साच्यांवरच परत आले. संग्राहकाच्या दृष्टीनं ही चिल्लर सर्वांत रसाळ आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्यांदा हीच जोडी हातात देते आणि फरक शोधायला सांगते. बहुतेक जण चित्रात शोधत बसतात.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा जर्मन आले, पुन्हा जस्त आलं, आणि दोन क्रमांची ही पद्धत तशीच पुढे चालली. तुमच्या फोटोतलं काळपट, हलकं १९४३ चं १ फ्रँक त्यातलंच. १९४४ मध्ये देश सुटला तेव्हा २ फ्रँकची अडीच कोटी नाणी अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडून आणली. अमेरिकेनं आदल्या वर्षी तांबं वाचवायला जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे सेंट काढले होते, त्यातल्या उरलेल्या चकत्या यासाठी वापरल्या. ते नाणं चुंबकाला चटकन चिकटतं. त्याच्यावर दोन्ही नावं आहेत. लढाईच्या घाईत जुळी भावंडं पाडत बसायला कुणाला सवड होती?

सवड मिळाल्याबरोबर मात्र बेल्जियम पुन्हा मूळपदावर आला. १९४८ चं ५ फ्रँक आणि १९५० चं १ फ्रँक ही एकभाषी जुळी नाणी, धान्याची देवता सेरीस हिचं डोकं असलेली. त्या वेळी तिसरा लिओपोल्ड परागंदा होता आणि त्याचा भाऊ राज्य सांभाळत होता. राजाला परत घ्यायचं की नाही यावर मार्च १९५० मध्ये कौल घेतला तर देशभरात ५७ टक्क्यांहून अधिक लोक ‘हो’ म्हणाले, पण फ्लँडर्समध्ये ७२ टक्के आणि वालोनियात ४२ टक्के. भाषेच्या रेषेवर देश असा उभा चिरला गेला असताना खिशातल्या नाण्यावर राजाऐवजी रोमन देवी होती. ठरवून केलं असो वा नसो, बरं झालं. सेरीस कुणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची. तुमचा खाणकामगारही तसाच. कोळसा दक्षिणेत शार्लरुआजवळ निघायचा तसा उत्तरेच्या लिम्बुर्खमध्येही. चित्र दोघांना सामाईक, अक्षर ज्याचं त्याला. १ फ्रँकवर राजाचा चेहरा आला तो थेट १९८९ मध्ये.

राजाचा चेहरा आणला की काय होतं ते पाहायचं असेल तर १९६९ ते १९७९ मधलं १० फ्रँकचं निकेलचं नाणं बघा. राजाचं नाव फ्रेंचमध्ये बोद्वँ, डचमध्ये बौदेवेन. दोन नाणी शेजारी ठेवली तर नवख्याला दोन राजे वाटतात. मला एकदा कुणीतरी त्यातल्या दुसऱ्याला पहिल्याचा भाऊ ठरवून पत्र पाठवलं होतं. यात ‘डब्ल्यू’ शोधा. सापडला तर डच.

दुप्पट खर्च येत नसेल का, असंही तुमच्या मनात आलं असेल. वाटतो तेवढा नाही. एक ठसा काही लाख नाणी पाडली की झिजतो, मग नवा बसवावाच लागतो. वर्षाला कोट्यवधी नाणी पाडायची तर ठशांचा ढीग लागतोच. त्यातले निम्मे एका अक्षरांचे आणि निम्मे दुसऱ्या अक्षरांचे केले तर वाढतं ते मूळ ठसा कोरण्याचं काम. त्यातही मागची बाजू सामाईक ठेवली की तेही आटोक्यात राहतं. ‘सी’ आणि ‘एफ’ची युक्ती इथे पुन्हा कामी येते.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ही नाणी भाषेप्रमाणे वाटली जात नव्हती. डच नाणी उत्तरेला, फ्रेंच दक्षिणेला अशी विभागणी नव्हती. दोन्ही देशभर चालायची आणि गल्ल्यात एकमेकांत मिसळायची. १९६२-६३ मध्ये कायद्यानं भाषेची सीमारेषा नकाशावर पक्की झाली, १९६८ मध्ये लूव्हेनचं जुनं विद्यापीठ भाषेवरून दुभंगलं, पण खिशातली चिल्लर कुणी वेगळी केली नाही. तुमचा डबा त्याचा साक्षीदार आहे. अँटवर्प पक्कं फ्लेमिश शहर. तुमच्या आजोबांनी तिथल्या बंदरावर, तिथल्या दुकानांत पैसे मोडले, आणि डब्यात ‘क्यू’वाली नाणी निम्म्याच्या आसपास आहेत.

मी एकदाच ब्रसेल्सला गेले आहे, भाचीकडे. तिथे एका चौकात रोज सकाळी जुना बाजार भरतो. चौकालाही दोन नावं आहेत, फ्रेंच नाव चेंडूच्या खेळावरून, डच नाव कोल्ह्यावरून. एका म्हाताऱ्यानं डब्यातली चिल्लर सतरंजीवर ओतली आणि मूठभर उचला म्हणाला. मी क्यू बघून दोन ढीग करायला लागले तर तो चकित झाला. चाळीस वर्षं ही नाणी वापरली, पण कधी वाचली नव्हती, असं भाचीनं त्याचं बोलणं भाषांतर करून सांगितलं. परतताना ज्या मेट्रो स्थानकावरून गेलो त्याचं नाव दोन्ही भाषांत ‘टांकसाळ’ असंच. टांकसाळीची ती इमारत कधीच पाडली गेली आहे.

इतर देशांनी काय केलं, हे थोडक्यात. स्वित्झर्लंडनं चार भाषांचा प्रश्न लॅटिनवर ढकलला, देशाचं नाव ‘हेल्वेशिया’. कॅनडाचं नशीब थोर. ‘कॅनडा’, ‘सेंट’, ‘डॉलर’ हे शब्द इंग्रजी-फ्रेंच दोन्हींत सारखेच लिहिले जातात, त्यामुळे चिल्लरीवर भांडायला शब्दच उरला नाही. आपल्याकडे इंग्रजांच्या काळातल्या तांबं-निकेलच्या एक आण्यावर किंमत चार लिप्यांत होती, त्यात नागरीही होती. आणि बेल्जियमनंच आपल्या ताब्यातल्या काँगोसाठी पाडलेलं १९४३ चं हत्तीचं षट्कोनी २ फ्रँक पाहा. त्यावर बँकेचं नाव दोन्ही भाषांत एकत्र आहे. तिथे मान कुणाचा आधी, हे विचारणारे मतदार नव्हते. माझ्या तर्काला हा आणखी एक आधार.

युरो आला आणि हा खेळच संपला. २००२ मध्ये हातात आलेल्या बेल्जियमच्या युरो नाण्यांवर राजा दुसरा अल्बर्ट, मुकुटाखालचं त्याचं आद्याक्षर, बारा तारे आणि साल होतं. देशाचं नावच नव्हतं! अल्बर्ट हे नाव दोन्ही भाषांत एकच, तेही पथ्यावर पडलं. पुढे देश ओळखू यावा असा युरोपचा नियम आला तेव्हा २००८ पासून ‘बी-ई’ ही दोन अक्षरं आली. फ्रेंच, डच आणि जर्मन, तिन्ही भाषांत देशाचं नाव याच दोन अक्षरांनी सुरू होतं. रोजच्या फ्रँकवर जर्मनला कधी जागा मिळाली नव्हती (काही चांदीच्या स्मारक नाण्यांवर ती दिसते), आता ‘बी-ई’त तीही आपोआप आली. २०१३ मध्ये नवा राजा गादीवर बसला, तो फ्रेंचमध्ये ‘पी’नं आणि डचमध्ये ‘एफ’नं लिहिला जाणारा फिलिप. २०१४ पासूनच्या नाण्यांवर त्याचं राजचिन्ह ‘एफ’ आणि ‘पी’ एकत्र गुंफून काढलं आहे. आणि २०१८ पासून ही नाणी बेल्जियममध्ये पाडलीच जात नाहीत. ब्रसेल्सची टांकसाळ बंद झाली, काम हॉलंडच्या टांकसाळीकडे गेलं. पहिल्या विल्यमला हे कळलं असतं तर तो हसला असता.

आता किंमत. हे तीन गोष्टींवर ठरतं: साल, भाषा आणि झीज. साल आणि भाषा एकत्र बघायची, कारण एखाद्या वर्षी एका भाषेचं नाणं भरपूर आणि दुसऱ्याचं थोडं पाडलेलं असू शकतं. कॅटलॉगात दोन्हींना वेगवेगळे क्रमांक असतात, ते न पाहता सांगितलेल्या भावावर विश्वास ठेवू नका. तुमच्या फोटोंत दिसणारी नाणी मात्र सगळी सामान्य सालांची आणि वापरून गुळगुळीत झालेली आहेत. त्यांची किंमत चहाच्या आसपास समजा. बँकेत बदलून घ्यायचा मार्गही बंद आहे. फ्रँकची नाणी बेल्जियमच्या राष्ट्रीय बँकेनं २००४ अखेरपर्यंतच स्वीकारली. तेव्हाही ४०.३३९९ फ्रँकला एक युरो या दरानं तुमच्या जोडीचा मिळून अडीच सेंट आला असता.

आणि चिंच नको. ब्राँझच्या खाणकामगारावर आजोबांच्या काळापासून चढलेला तपकिरी रंग आहे, तो गेला की संग्राहक नाणं हातात घेत नाही. जस्ताचं १९४३ चं नाणं तर आंबटाशी गाठ पडली की अक्षरशः झडतं. माझ्या हातून एक तसं गेलं आहे, वाटीत ठेवून मी फोन घ्यायला गेले होते. कोमट पाण्यानं धुवा, मऊ कापडानं टिपा, पूर्ण वाळू द्या. दोन खाणकामगार एकाच पुडीत ठेवा आणि वर दोन्ही भाषा लिहून ठेवा. जस्ताचं नाणं मात्र वेगळ्या कागदी पुडीत, बाकीच्यांपासून दूर.